दाखलेवाले इवाई

मरणावर इतका जीव असलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मी आमच्या इवायांबद्दल बोलतोय. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. जगात कोणाला पत्त्यांचा नाद असतो, कोणाला कोंबड्यांच्या झुंजींचा, आणि आमच्या झाडीपट्टीत तर दिवाळी उलटली की नाटकांपायी घरदार विसरणारी माणसं गावोगाव आहेत. इवायांना नाद आहे मृत्यूच्या दाखल्यांचा. कोणाचा बाप गेला, कोणाची आजी गेली, कोणाचा चुलता कधीकाळी गेला आणि त्याची नोंद करायची राहूनच गेली, असं कानावर आलं की इवाई हातातला घास ताटात ठेवून उठतात. मोबदला म्हणाल तर एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. एका मुदतीपुरते ते गावचे उपसरपंच होते. ती मुदत केव्हाच संपली, पोरं मोठी झाली, त्यातल्या एकाला मी माझी मुलगी दिली, पण इवायांच्या चालण्यातलं उपसरपंचपण काही उतरलं नाही. मोपेडवरून उतरतानासुद्धा ते असे उतरतात की आता कोणीतरी हार घालणार.

माझं झेरॉक्सचं दुकान तहसील कचेरीच्या अगदी समोर आहे, हे माझं भाग्य आणि हेच माझं दुर्दैव. दुकानात एक बाक आहे. तो गिऱ्हाइकांसाठी म्हणून मी करवून घेतला होता. त्यावर गिऱ्हाईक कधी बसलेलं मला आठवत नाही, कारण सकाळी कचेरी उघडायच्या आधीपासून तिथं इवाई बसलेले असतात. दुसरा कोणी असता तर मी त्याला केव्हाच वाट दाखवली असती. पण मुलीचा सासरा बाकावर बसला की दुकानाच्या मालकानं उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. माझे गुडघे दुखतात ते वयामुळे, असं डॉक्टर म्हणतो. डॉक्टरला माझे इवाई माहीत नाहीत.

ही सोयरीक जुळली तीही दाखल्यावरच. मुलगी पाहायला मंडळी आली. मी पत्रिका काढून ठेवली होती, नागऱ्याच्या महादेवाला नारळ फोडून आलो होतो, बायकोनं पोहे केले होते. इवायांनी पत्रिका बाजूला सारली. "हे राहू द्या जी. मंगळ-फिंगळ मी मानत नाई. पोरीचा जन्माचा दाखला आहे का?" मी कपाटातून आणून दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "शिक्का साफ आहे. पोरगी पसंत आहे." माझी मुलगी तेव्हा आत पदर सावरत उभी होती, तिनं अजून पोह्यांचा ट्रेसुद्धा उचलला नव्हता. आजही नवराबायकोचं वाजलं की ती म्हणते, "मला इथं कोणी पसंत केलंच नव्हतं, माझा शिक्का पसंत केला होता." लग्न होऊन ती घरात आल्या आल्या इवायांनी तिच्या हातात एक बंद लिफाफा दिला. तिला वाटलं, सासऱ्यानं काही प्रेमानं दिलं. उघडून पाहते तर स्वतः इवायांच्या मृत्यूच्या नोंदीचा अर्ज, स्वतःच्या हातानं भरलेला. तारीख आणि कारण एवढ्याच दोन जागा मोकळ्या. "मी गेलो का तुमी लोक रडत बसान, अन वडिलाचं नाव चुकवान. म्हनून भरून ठेवला," असं त्यांनी तिला समजावलं. पोरगी तशीच लिफाफा घेऊन माहेरी आली होती. मी परत पाठवली, म्हटलं, बाई, तुझं घर चांगलं आहे, फक्त सासऱ्याचा छंद वेगळा आहे.

मोपेडला लटकवलेल्या पिशवीत त्यांची सगळी कचेरी असते. अंगठ्यासाठी शाईचं पॅड, स्टेपलर, कोर्ट फीची तिकिटं, आणि एका लहानशा डबीत शिजलेला भात. भात खायला नाही, चिकटवायला. "डिंकाचा भरवसा नाई जी, बाटलीत वाळून जाते. भात आपल्या जिल्ह्यात कुटंही भेटते." त्यांनी चिकटवलेला फोटो साहेबाच्या बापानं ओढला तरी निघत नाही, हे खरं आहे. पण भातामागे मुंग्या येतात, हेही तितकंच खरं. नोंदीच्या टेबलावरचा बाबू एकदा माझ्या दुकानात येऊन अजिजीनं म्हणाला, "भाऊ, तुमच्या इवायांना एक डिंकाची बाटली माझ्याकडून द्या, पण फायलीत जेवण पाठवू नका म्हणावं."

माणूस मात्र रीतभात पाळणारा. मयतीच्या दिवशी तोंडातून कागदाचा शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नेम. लोक रडत असतात, इवाई मान खाली घालून उभे असतात. पण मी त्यांना ओळखतो. त्यांचे डोळे त्या वेळी हिशेब करत असतात, थोरला मुलगा कोणता, आधार कार्ड कोणाकडे असेल, माणूस घरी गेला की दवाखान्यात. मरणाच्या त्यांनी दोन जाती केल्या आहेत, सोपं मरण आणि कठीण मरण. आपल्या गावात, आपल्या घरात, कामाच्या दिवशी आणि ग्रामसेवक रजेवर नसताना जो गेला, तो सोपा गेला. सोयऱ्याकडे पाहुणा गेला असताना जो गेला, तो कठीण. कारण माणूस जिथं मरतो तिथंच त्याची नोंद होते, तो राहत होता तिथं नाही. त्यामुळे कोणी म्हातारा पोरीकडे, राज्याच्या सीमेपलीकडे बालाघाटला निघाला की इवाई त्याला बसस्टँडवर गाठून काळजीनं सांगतात, "बाबाजी, जा ना, मस्त राहा. पन परतून या बरं. थ्या राज्यात काई करू नका." एखाद्या भल्या माणसाबद्दल त्यांनी काढलेले सर्वांत मोठे उद्गार मी ऐकले आहेत ते असे: "साधा मानूस होता बिचारा. कोनाले तरास देल्ला नाई. मंगरवारी सकाळी घरीच गेला."

आमच्याकडे तेरवीला सोयरे लोक दुपट्टा-टोपीचा आहेर करतात. इवाईही आहेर करतात. कोऱ्या लिफाफ्यात गेलेल्या माणसाचा दाखला आणि त्याच्या पाच प्रती. दुपट्टे घडी करून पेटीत जातात आणि पुढच्या तेरवीला दुसऱ्याच्या खांद्यावर पडतात. इवायांचा आहेर बँकेत चालतो, तलाठ्याकडे चालतो, विम्याला चालतो. एका घरी तर लोकांनी तो लिफाफा फोटोसमोर ठेवला आणि येणारा-जाणारा त्याच्यावर तांदूळ टाकून पाया पडू लागला. इवाई मागच्या रांगेत जेवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पाहिलं, ते मला माझ्या मुलीच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

याचा एक तोटा झाला. आजाऱ्याला भेटायला जायची त्यांना सोय उरली नाही. शेजारच्या गावचे एक म्हातारे पाटील खाटेला खिळले होते. अन्न सुटलं होतं, लेकी-जावई गोळा झाले होते, तुळशीपत्र तयार होतं. इवाई माणुसकीनं विचारपूस करायला गेले. पाटलांनी डोळे उघडले, समोर इवाई पाहिले, त्यांच्या काखेतली पिशवी पाहिली, आणि जे उठून बसले ते चहा मागूनच थांबले. ते अजून आहेत. मागच्या पोळ्याला मला भेटले, म्हणाले, "तुमच्या इवायाले सांगा, मी तुमच्या हाती लागत नाई." तेव्हापासून दोन-तीन घरांतून इवायांना औषध म्हणून बोलावणं येऊ लागलं. डॉक्टरनं हात टेकले की म्हणे इवायांना एकदा दारातून दाखवून न्या.

आणि त्यांची हुशारी पाहायची तर ती गाडीतल्या मरणाची गोष्ट सांगायला हवी. नागझिऱ्याच्या बाजूचा एक माणूस गोंदियाला दवाखान्यात नेताना वाटेतच, चालत्या गाडीत गेला. आता नोंद कुठं करायची? गावची पंचायत म्हणे, आमच्या हद्दीत मेला नाही. दवाखाना म्हणे, आमच्याकडे आला तेव्हा मेलेलाच होता. विधवा बाई दोन्हीकडे फिरून थकली. इवायांना नियम पाठ. चालत्या गाडीत माणूस गेला तर त्यानंतर गाडी पहिल्यांदा जिथं थांबली, तिथं नोंद. पण ड्रायव्हर कबूल होईना. "कसम से काका, हम कहीं रुके ही नहीं, सीधे दवाखाना." मयत गाडीत ठेवून आपण कुठं थांबलो, हे कोण सांगणार? इवायांनी वाद घातला नाही. त्याच्या गालातल्या खर्ऱ्याकडे पाहिलं. खर्रा म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखूचा घोटलेला मुखवास, तो तोंडात नसला तर आमच्याकडचा ड्रायव्हर गाडी सुरू करू शकत नाही. इवाई म्हणाले, "बेटा, खर्रा मस्त घोटेल दिसते. कहां का है?" ड्रायव्हर खुलला. "काका, ऐसा खर्रा पूरे रोड पे एक ही ठेले पे मिलता. रोज वहीं से लेता हूं." आणि त्यानं गावाचं नाव सांगून टाकलं. "त्या दिवशी पन तिथंच घेतला असन?" "हां, और कहां?" झालं. इवाई बाईला घेऊन त्या गावच्या पंचायतीत हजर. तिथला ग्रामसेवक कपाळाला हात लावून म्हणाला, "माणूस आमचा नाही, आजार आमचा नाही, खर्रा तेवढा आमचा!" पण नियम तो नियम. बाईला दाखला मिळाला, आणि ड्रायव्हर पुढं महिनाभर इवाई दिसले की गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचा.

असा हा वाघ माणूस एका ठिकाणी मात्र शेळी व्हायचा. ते ठिकाण म्हणजे त्यांचे स्वतःचे सासरे.

इवायांचं लग्न नवं होतं तेव्हा त्यांचे सासरे बैल घ्यायला म्हणून बालाघाटकडच्या बाजाराला गेले. ते गेलेच. ना सासरे आले, ना बैल आले. शोधाशोध झाली, पोलिसांत खबर दिली, कोणी म्हणालं रायपूरला दिसले, कोणी म्हणालं कुठल्याशा नदीच्या पुराचं सांगता येत नाही. वर्षं गेली. मागे राहिली बायको, एक मुलगी म्हणजे आमच्या ईनबाई, इवायांची बायको, आणि एक मुलगा. ही सासू रोज सकाळी अंघोळ करून कपाळभर कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या भरायची, आणि कोणी नवऱ्याचा विषय काढला तर अगदी सहज सांगायची, "बैल मनासारखे भेटले नसतीन. त्यायले लवकर पसंत पडत नाई काई. मले पाहाले तीनदा आले होते." भावकीतल्या लोकांनी बारा वर्षं वाट पाहिली, मग म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, तेरवी करा आणि मोकळे व्हा. अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. म्हातारी दारात आडवी उभी राहिली. "अन उद्या ते आले तं मी काय सांगू त्यायले? तुमाले जाळून टाकलं म्हनून?" पळसाची पानं बैलांनी खाल्ली.

पण चोरखमाऱ्याच्या कालव्याखालची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, त्या हरवलेल्या माणसाच्या नावावर होती. मुलगा ती कसत होता, पण सातबारा बापाचा. त्यामुळे सरकारी खरेदी केंद्रावर त्याचं धान घेत नव्हते, व्यापारी देईल त्या भावानं विकावं लागायचं, पंपासाठी वीज मागितली तर म्हणे मालकाची सही आणा. सही करणारा बैल शोधत होता. सात वर्षं ज्याची कोणाला खबर नाही, त्याला न्यायालय मृत ठरवतं आणि त्या हुकमावर दाखला मिळतो, हे कोणीतरी सांगितलं. एकुलते एक जावई म्हणून हे काम इवायांकडे आलं. याच कामासाठी ते पहिल्यांदा कचेरीची पायरी चढले. सासऱ्याच्या कागदांमागे फिरता फिरता शेजारच्या बाकावर रडणाऱ्या बायांचे कागद करून देऊ लागले, आणि त्यातून हा छंद लागला. तालुक्यातली कितीतरी माणसं त्यांनी रीतसर मार्गी लावली. सासरे तेवढे राहिले.

कसे राहिले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. दुसऱ्याच्या अर्जात टाचणी वाकडी लागली तर चिडणारा हा माणूस, सासऱ्यांच्या कामाला निघाला की प्रतिज्ञापत्रावर सही घ्यायचं विसरायचा. पोलिसांतल्या खबरीची नक्कल मी तीनदा काढून दिली, तिन्हीदा हरवली. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली ती भलत्याच गावाच्या नावानं. न्यायालयाची तारीख होती त्या दिवशी जंगलाच्या रस्त्यानं आले आणि दुपारी येऊन वकिलांना म्हणाले, "काय करू जी, वाघ बसून होता रस्त्यात. उठतच नव्हता." वकील नागपूरकडचे, त्यांनी खरं मानलं. मी इथला. वाघ येतो तसा जातोही, आणि तो काही तारखेचा दिवस पाहून बसत नाही. पण मी गप्प राहिलो. मुलीचा सासरा.

मग एक दिवस त्यांचा साळा दुकानात आला. साधा, कष्टाळू माणूस, कधी आवाज न चढवणारा. त्या वर्षी व्यापाऱ्यानं त्याचं धान मातीच्या मोलानं नेलं होतं. इवाई बाकावर होते. तो समोर उभा राहिला आणि भर दुकानात म्हणाला, "भाऊजी, साऱ्या तालुक्याचे मुर्दे तुमी आठ दिसात मारता. माया बापच काऊन तुमच्यानं मरत नाई?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. इवाई हसले नाहीत. "होते ना, होऊन रायलं," एवढंच पुटपुटले. साळा म्हणाला, "तुमाले नाई जमत तं मी दुसरा मानूस पाहातो," आणि पाय आपटत निघून गेला. इवायांसाठी चहा मागवला तो निवून गेला. मी शेवटी रीत बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बाकावर बसलो आणि विचारलं, "इवाई, खरं सांगा. मुद्दाम करून राहिले ना?"

"तुमी कधी तिले कुंकू लावताना पाहिलं का जी?" ते म्हणाले. "आरसा नाई पाहात. बोट उचलते अन बरोब्बर मधात. इतके साल झाले. मी थो कागद आनला का त्याच दिशी भावकीतल्या बाया येतीन, तिचं कुंकू पुसतीन, बांगड्या फोडतीन. अन आननारा कोन? मी. जवाई. ते मले जवाईबापू म्हनते, मले भात वाढते." त्यांनी पिशवीचा बंद उगाच सोडला आणि पुन्हा बांधला. "साळ्याचंही खरं आहे. त्याचं नुकसान होऊन रायलं, मले दिसते ना. त्याले काय सांगू? तुयी माय जीत आहे तोवर तुया बापाले मी मारत नाई, असं सांगू का?"

मला त्या क्षणी या माणसाबद्दल फार माया वाटली. मी उठून उगाच मशीनचं झाकण उघडलं आणि लावलं. त्या दिवसापासून माझं मशीनही त्या एका कामापुरतं बिघडू लागलं. साळा दुसऱ्या माणसाला घेऊन कागद काढायला आला की लाइट नसायची, शाई संपलेली असायची, नाहीतर अर्धंच पान छापून यायचं. साळ्यानं इवायांशी बोलणं टाकलं. आमच्या ईनबाईंचे मधल्यामध्ये हाल झाले. एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा, आणि आईजवळ तोंड उघडायची सोय नाही. राखीला भाऊ आला तो उभ्या उभ्या राखी बांधून घेऊन, पाणीही न पिता गेला. इवाई तेव्हा मागच्या दारानं बांधीवर निघून गेले होते.

म्हातारी गेली ती मार्गशीर्षात, धान घरात आल्यावर. सकाळी अंघोळ केली, कुंकू लावलं, अंगणात उन्हाला बसली आणि बसल्या बसल्या गेली. इवायांच्या भाषेत याहून सोपं मरण नाही. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, ईनबाई आईचे पाय धरून रडत होत्या, आणि बायका एका गोष्टीवर अडून बसल्या होत्या. नेसवायचं काय? सवाष्ण असेल तर हिरवं लुगडं, ओटी, मळवट. विधवा असेल तर पांढरं. भावकीतले एक बुजुर्ग खाटेवर बसून ठामपणे म्हणाले, "थो का आता जिता असन? जिच्या मनाची समजूत होती ते गेली. आता तं रीतीनं करा. पांढरं आना." बायकांच्या माना हलल्या. साळा खांबाला टेकून नुसता उभा होता.

सासुरवाडीच्या मयतीत जावयानं पुढं पुढं करायचं नसतं. आणि मयतीच्या दिवशी कागदाचा शब्दही काढायचा नाही, हा तर इवायांचा स्वतःचाच नेम. पण मी पाहिलं, ते दाराजवळून निघाले आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"कोन मेला?" त्यांनी विचारलं.

"तुमचा सासरा, अजून कोन?" बुजुर्ग म्हणाले.

"दाखला दाखवा."

त्यांनी बुजुर्गांपुढं हात धरला. "आहे का कोनापाशी?" इवायांचा आवाज चढला, उपसरपंच असताना सभेत चढायचा तसा. "तुमच्यापाशी आहे? तुमच्यापाशी? तालुक्यातला दाखला माह्या नजरेखालून गेल्याबिगर निंघत नाई. माया सासऱ्याचा निंघाला नाई. सरकारदरबारी थो मानूस आज जिता आहे, अन हे त्याची बायको आहे. कोनाले पांढरं नेसवता?" एवढं बोलून मोठा उपसरपंच माणूस, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागला.

खांबाशी उभा असलेला साळा आपल्या भाऊजींकडे पाहत होता. सहीवाचून परत आलेलं प्रतिज्ञापत्र, भलत्या गावची नोटीस, रस्त्यात बसलेला वाघ, हे सगळं त्याच्या ध्यानात येत असावं, कारण त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो पुढं आला, इवायांचा हात धरला आणि बायकांकडे वळून म्हणाला, "आना. हिरवंच आना. बांगड्या पन आना." ईनबाईंनी आईचं कपाळ भरलं. खांदा देताना साळा पुढं होता आणि त्याच्या शेजारी, रीत सोडून, जावई होता.

तेरवी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी इवाई माझ्या दुकानात आले. जे कागद इतकी वर्षं सापडत नव्हते ते सारे सापडले होते. सह्या जिथल्या तिथं, नोटिशीत गाव बरोबर, आणि तारखेच्या दिवशी रस्त्यात वाघ नाही. माझं मशीनही एकाएकी सुधारलं. पुढचं धान निघायच्या आधी निकाल लागला, आणि साळ्यानं त्या वर्षी पहिल्यांदा आपल्या नावावर केंद्रात धान टाकलं. केंद्रावरून तो आधी बहिणीकडे गेला आणि पोटभर जेवून आला, असं मला मुलीनं सांगितलं.

दाखला हातात आला त्या दिवशी इवाई एरवीसारखे बाकावर बसले नाहीत. काउंटरपाशी उभे राहिले आणि दोन कागद शेजारी शेजारी मांडले, एक सासूचा, एक सासऱ्याचा. मला वाटलं, नावं तपासायला सांगताहेत. त्यांनी तारखांवर बोट ठेवलं. हरवलेल्या माणसाच्या मरणाची तारीख म्हणून निकालाचा दिवस पडतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. सरकारच्या शिक्क्यानिशी, कागदावर, सासू आधी गेली होती आणि सासरे मागून.

"बरोबर आहे ना जी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे.

"मंग दोन्हीच्या प्रती काढा. सासूबाईचा आधी काढा."

मी सासूबाईंचा कागद काचेवर ठेवला आणि झाकण लावलं. मशीनचा उजेड सरकत गेला. इवाई दुसरा कागद दोन्ही हातांत धरून, आपली पाळी येईपर्यंत, रांगेतल्यासारखे उभे होते.